काळ्या दगडाचा इतिहास आणि आपली मुलं

उल्हासनगरला इतिहास नाही, असं आमच्याकडे सहज बोललं जातं. कल्याणला आहे, अंबरनाथला आहे, उल्हासनगरला नाही. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराची छावणी पडली. फाळणीनंतर त्याच बराकींमध्ये सिंधी निर्वासित उतरले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते वसाहतीला नाव मिळालं आणि कॅम्प एक ते पाच हे आकडे मात्र लोकांच्या तोंडी तसेच राहिले. आमच्या शहराची कहाणी एवढ्यावर आटोपते. मी कॅम्प एकमध्ये राहते, शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, आणि माझं म्हणणं वेगळं आहे. आपल्या पायाखाली साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा इतिहास आहे. तो वाचण्यासाठी जगभरातून शास्त्रज्ञ आपल्या घाटांमध्ये येतात, दगडाचे तुकडे घेऊन जातात, त्यावर वर्षानुवर्षं काम करतात. आमच्या वर्गातल्या मुलांना मात्र त्याची गंधवार्ता नसते. हे अज्ञान आपल्याला महागात पडतंय, आणि कसं ते सांगण्यासाठीच हा लेख.

आधी गोष्ट काय आहे ती समजून घेऊ. पुस्तकातल्या चित्रात ज्वालामुखी म्हणजे टोकदार डोंगर, वर तोंड, त्यातून धूर. म्हणून महाराष्ट्र ज्वालामुखीने घडवला असं सांगितलं की मुलं लगेच विचारतात, "मिस, मग तो डोंगर कुठंय?" प्रश्न बरोबर आहे. तसा डोंगर नाहीच. इथे जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ लाव्हा बाहेर येऊन शेकडो किलोमीटर पसरला. पुन्हा शांतता, पुन्हा उद्रेक. आज जे शिल्लक आहे तेच सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भरतं. पश्चिम घाटात त्याची जाडी दोन किलोमीटरच्या वर जाते. मूळ भेगांपैकी काहींमध्ये लाव्हा तिथेच थिजला. आजूबाजूचा दगड झिजल्यावर त्या भेगा काळ्या भिंतीसारख्या उभ्या राहिलेल्या दिसतात.

दुसरा प्रश्न हमखास येतो : तो पुन्हा फुटेल का? ज्वालामुखीचे तीन प्रकार शाळेत शिकवतात, जागृत, निद्रिस्त आणि मृत. अंदमानातलं बॅरन बेट जागृत आहे. एकोणिसाव्या शतकातल्या उद्रेकांनंतर ते इतकं गप्प होतं की लोक त्याला झोपलेलं समजत. १९९१ मध्ये ते जागं झालं. त्याच समुद्रातलं नारकोंडम निद्रिस्त मानलं जातं. आपला दख्खनचा लाव्हा मात्र कायमचा थंड झालेला आहे. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या गरम पाण्याच्या कुंडांकडे बोट दाखवून खाली आग आहे असं सांगणारे भेटतात. ते पाणी भेगांमधून खोल जातं, तिथल्या नेहमीच्या उष्णतेने तापतं आणि परत वर येतं. त्यासाठी ज्वालामुखी लागत नाही.

उर्दूत ज्वालामुखीला आतिशफिशाँ म्हणतात, म्हणजे आग उधळणारा. फार सुंदर शब्द आहे. पण ज्या आगीला बघणारा एकही माणूस नव्हता, तिचा इतिहास कोण सांगणार? माणूसच नव्हता तर बखर नाही, शिलालेख नाही, रिवायत नाही. तरीही कोणता लाव्हा आधी, कोणता नंतर, मध्ये किती काळ गेला, हे आज बऱ्याच नेमकेपणाने सांगता येतं. ते कसं, यातच खरी तालीम आहे.

पहिली पायरी साधी. खालचा थर जुना, वरचा नवा. दूर जायला नको. कर्जत लोकलमध्ये बदलापूर सोडलं की डाव्या-उजव्या डोंगरांकडे बघा. पावसाळ्यानंतर गवत पिवळं पडलं की पायऱ्या स्पष्ट दिसतात. कठीण थराचा कडा, मऊ थराचा उतार, पुन्हा कडा. इंग्रजीत या दगडाला 'ट्रॅप' म्हणतात, तो शब्दच स्वीडिश भाषेतल्या पायरीवरून आला आहे.

दुसरी पायरी गेरूची. दोन काळ्या थरांच्या मध्ये कधी कधी लाल मातीचा पट्टा दिसतो. विहीर खणणाऱ्यांना तो चांगला माहीत असतो. ते म्हणतात, आधी मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण, मग गेरू लागला. हा गेरू म्हणजे दोन उद्रेकांमधली सुट्टी. लाव्हा थंड झाला, ऊन-पावसाने त्याची माती झाली, आणि मग वरून नवा लाव्हा आला आणि ती माती भाजून निघाली. पट्टा दिसला की समजायचं, इथे मध्ये काळ गेला.

तिसरी पायरी रसायनाची. सगळे थर काळेच दिसतात, पण प्रत्येक खेपेच्या लाव्ह्यात टायटॅनियम, बेरियम, स्ट्रॉन्शियम अशा घटकांचं प्रमाण वेगळं असतं. १९८० च्या दशकात आयआयटी मुंबईचे के. व्ही. सुब्बाराव आणि त्यांचे देशी-परदेशी सहकारी घाटाघाटांतून चढले, तळापासून माथ्यापर्यंत नमुने घेतले आणि थरांचे गट पाडले. त्या गटांची नावं वाचा : जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. यातलं नेरळ म्हणजे आपलंच, माथेरानची गाडी सुटते ते. परदेशी विद्यापीठांत भूशास्त्राचा अभ्यास करणारी मुलं ही नावं पाठ करतात. आमच्या मुलांना नेरळ म्हणजे सहलीचं ठिकाण.

चौथी पायरी चुंबकाची. लाव्हा थंड होताना त्यातले लोहयुक्त कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय दिशेत गोठतात. पृथ्वीचं चुंबकत्व अधूनमधून उलटं होतं, उत्तरेचा दक्षिण होतो. पश्चिम घाटातल्या बहुतेक जाडीचा दगड एकाच 'उलट्या' काळातला निघतो. म्हणजे हा प्रचंड ढीग कोट्यवधी वर्षं रेंगाळत साचलेला नाही; भूशास्त्राच्या हिशेबात तो झटपट, दहा लाख वर्षांच्या आतबाहेर साचला.

पाचवी पायरी घड्याळाची. दगडातल्या पोटॅशियमचा एक प्रकार ठरलेल्या गतीने अरगॉन वायूत बदलतो. सव्वाशे कोटी वर्षांत निम्मा. किती बदलला हे मोजलं की दगड कधी थिजला ते कळतं. दुसरं घड्याळ युरेनियमचं. त्याचं शिसं होतं, आणि हे घड्याळ झिरकॉन नावाच्या बारीक स्फटिकांत उत्तम चालतं. आपल्या काळ्या दगडात झिरकॉन सहसा मिळत नाहीत. मग शास्त्रज्ञांनी ते शोधले कुठे? गेरूसारख्या मधल्या थरांत, ज्यांच्यावर दूरच्या कुठल्या तरी उद्रेकाची राख येऊन पडली होती. ज्या लाल मातीला आपण कामातला अडथळा समजतो, तिच्यात तारीख लपलेली होती.

एवढं करूनही सगळे एकमताचे झाले का? नाही. डायनासोर संपले त्याच सुमाराला आजच्या मेक्सिकोत एक प्रचंड अशनी आदळला. ते ६.६ कोटी वर्षांपूर्वी. दोष अशनीचा की दख्खनच्या लाव्ह्यातून निघालेल्या वायूंचा, की दोघांचा, यावर जुना वाद आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन निबंध आले. प्रिन्स्टनचा ब्लेअर शोन यांचा गट युरेनियमच्या घड्याळावरून म्हणाला, उद्रेक चार टप्प्यांत झाले आणि त्यातला एक मोठा टप्पा अशनीच्या हजारो वर्षं आधी सुरू झाला होता. बर्कलीशी संबंधित कोर्टनी स्प्रेन, पॉल रेनी यांचा गट अरगॉनच्या घड्याळावरून म्हणाला, बहुतांश लाव्हा अशनी आदळल्यानंतर बाहेर पडला. डोंगर तेच, निष्कर्ष वेगळे. दोघांनी आपापल्या मोजणीतली अनिश्चितता आकड्यात लिहून दिली, नमुने कुठून घेतले ते सांगितलं, म्हणजे तिसऱ्याला जाऊन तपासता यावं. कुणी कुणाच्या देशप्रेमावर किंवा ईमानवर शंका घेतली नाही.

आता मी हे सगळं का सांगतेय ते स्पष्ट करते.

आमच्या समाजात आणि आमच्या शेजारी समाजातही इतिहास म्हणजे काय, याबद्दल एक घातक समजूत पसरली आहे. इतिहास म्हणजे आपल्या बाजूचा पुरावा. आधी कोण आलं, कुणी काय बांधलं, कुणी काय पाडलं, एवढेच प्रश्न. दर वर्षी मलंगगडाच्या नावावरून तापणारा माहौल आपण कल्याण-अंबरनाथकर बघतोच. हाजी मलंग म्हणून चढणारे आणि मलंगगड म्हणून चढणारे, दोघंही त्याच काळ्या कातळावर पाय ठेवून वर जातात. कोर्ट-कचेरीतल्या वादावर मला इथे निकाल द्यायचा नाही. मला मुलांच्या डोक्यात काय जातंय याची फिकीर आहे. दावा आधी आणि पुरावा नंतर शोधायचा, ही सवय त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवरून लागते आहे. दगडाचा इतिहास शिकताना ही सवय चालत नाही. तिथे खालचा थर आधी, तो कुणाच्या आवडीचा असो वा नसो.

कुणी म्हणेल, मॅडम, हे सगळं आपल्या ग्रंथांत आधीच होतं. हे वाक्य मी दोन्ही बाजूंकडून ऐकते, फक्त ग्रंथाचं नाव बदलतं. मला ते पटत नाही, आणि त्याचं कारण आपल्याच परंपरेत आहे. इब्न सीनाने 'किताब अल-शिफा'मध्ये डोंगर कसे घडतात, थरावर थर कसे साचतात, त्यांना किती प्रदीर्घ काळ लागतो, याचा विचार केला. अल-बिरुनीने भारतातल्या नद्यांकाठचे दगड पाहिले. डोंगराजवळ मोठे गोटे, लांब गेलं की बारीक, आणखी लांब वाळू. त्यावरून त्याने अंदाज बांधला की हे मैदान कधी काळी समुद्र असावं आणि नद्यांनी आणलेल्या गाळाने ते भरत गेलं. ही माणसं दीनदार होती आणि तरीही दगडाला प्रश्न विचारत होती. त्यांचे वारस म्हणवून घ्यायचं तर त्यांच्या नावाचे फलक लावून भागणार नाही, त्यांच्यासारखं वाकून गोटे पाहावे लागतील.

याचं आजचं उदाहरण मदिन्याचं आहे. उमऱ्याला जाऊन आलेल्यांनी शहराभोवतीचे काळे माळ पाहिले असतील. अरबीत त्यांना हर्रा म्हणतात. तो लाव्हाच आहे, आणि आपल्या दख्खनसारखा मृत नाही, निद्रिस्त आहे. हर्रत रहात या भागात हिजरी ६५४ मध्ये, म्हणजे इसवी सन १२५६ मध्ये, उद्रेक झाला. सुमारे ५२ दिवस तो चालला. लाव्हा मदिन्याच्या दिशेने आला आणि शहरापासून काही किलोमीटरवर थांबला. त्या वेळच्या मदिन्यातल्या लोकांच्या पत्रांतून इतिहासकारांनी त्याची नोंद ठेवली. इथे लेखी नोंद आणि दगड एकमेकांना दुजोरा देतात.

पण त्याच ठिकाणी दुसरीही गोष्ट घडली. मदिन्याच्या पश्चिमेला चार लहान शंकू आहेत. ते इसवी सन ६४१ च्या उद्रेकाचे, असं मानलं जात होतं, यादीत तसं छापलंही जात होतं. सौदी भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षण यांनी मिळून या भागाचा नकाशा केला, दगड उघड्यावर कधी आला हे मोजलं. शंकू निघाले साधारण तेरा हजार वर्षांपूर्वीचे. प्रचलित समजुतीत शेकडो नाही, हजारो वर्षांचा फरक. त्यामुळे मदिन्याचं पावित्र्य कणभर कमी झालं का? श्रद्धेला धक्का बसला का? काही झालं नाही. उलट तिथल्या लोकांच्या सुरक्षिततेचा हिशेब जास्त खरा झाला. ज्या शहराजवळ निद्रिस्त ज्वालामुखी आहे, त्याला तो किती वेळा आणि कुठे फुटला हे ठाऊक असलंच पाहिजे. २००९ मध्ये मदिन्याच्या वायव्येला हर्रत लुनय्यिरमध्ये हजारो लहानमोठे भूकंप झाले आणि सरकारने हजारो लोकांना तिथून हलवलं. लाव्हा वर येता येता खालीच थांबला. जुना इतिहास अभ्यासलेला असला की अशा वेळी निर्णय घेता येतो.

आमचा लाव्हा फुटणार नाही, मग आम्हाला काय त्याचं? तर ऐका. महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग याच दगडावर बसला आहे. आपल्या विहिरीला, बोअरला पाणी लागेल की नाही, हे भेगा असलेला थर कुठे आणि पाणी अडवणारा थर कुठे यावर ठरतं. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप याच प्रदेशात झाला. त्याचा अभ्यास करण्यासाठी केंद्र सरकारने कराडला केंद्र काढलं आणि तीन किलोमीटर खोल भोक पाडलं. सुमारे सव्वा किलोमीटर लाव्ह्याचे थर ओलांडल्यावर खालचा ग्रॅनाइट लागला. आणि हवामानाचं म्हणाल, तर १७८३ मध्ये आइसलँडच्या लाकी भेगेतून आठ महिने लाव्हा आणि विषारी वायू निघत होते. त्यानंतरच्या दुष्काळात तिथली सुमारे एक-पंचमांश माणसं मेली. तो सगळा लाव्हा पंधरा घन किलोमीटरच्या आसपास होता. दख्खनच्या एकेका मोठ्या प्रवाहाचा अंदाज हजार घन किलोमीटरपर्यंत जातो. हवेत वायू वाढले की जीवसृष्टीचं काय होतं, याची वही आपल्या डोंगरांत उघडी पडली आहे.

आणि ती वही आपण फाडतो आहोत. कल्याण, अंबरनाथ, बदलापूरच्या आसपासच्या डोंगरांना खदानींनी घातलेले घाव रेल्वेतूनही दिसतात. खडी लागते हे मला मान्य आहे. माझं घर, माझी शाळा त्याच खडीवर उभी आहे. खाणीवर राबणाऱ्या मजुरांचं पोट त्यावर आहे, त्यात आपलेही लोक आहेत. त्यामुळे सगळ्या खदानी बंद करा अशी घोषणा मी देणार नाही. पण अंधेरीचा गिल्बर्ट हिल बघा. सुमारे दोनशे फूट उंच, षटकोनी खांबांचा हा दुर्मीळ कातळ, घाटातल्या थरांपेक्षा नंतरच्या काळातला. भोवतालचा दगड खणून नेला, इमारती आणि झोपड्या अंगाला भिडल्या, तेव्हा कुठे उरलेल्या सुळक्याची किंमत कळली. केंद्राच्या खाण मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये भूवारसा स्थळांच्या जतनासाठी एका विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवला होता. मसुदे कागदावर असतात, सुरुंग डोंगरात असतात.

अंबरनाथच्या शिवमंदिराकडे पाहा. तिथल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० हे वर्ष आहे. ती वास्तू जपायची असते हे कुणालाही सांगावं लागत नाही. पण ते मंदिर ज्या काळ्या दगडातून घडवलं, आमच्या जुन्या दर्ग्यांचे चौथरे आणि मशिदींच्या पायऱ्या ज्या दगडाच्या आहेत, त्याच्या उरलेल्या थरांना जपायचं असतं हे कुणाच्या गावी नाही.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत, आणि त्या मोठ्या नाहीत.

पहिली, शाळांसाठी. बालभारती मराठीत पुस्तकं छापते, उर्दूतही छापते. भेगीय उद्रेक हा शब्द त्यांत असतो. पण तो शिकवताना हवाई बेटांचं चित्र दाखवण्याऐवजी आपला डोंगर दाखवावा. उर्दू माध्यमाच्या मुलाला आतिशफिशाँ आणि ज्वालामुखी हे दोन्ही शब्द आले पाहिजेत, कारण पुढे कॉलेजात, नोकरीत त्याला मराठीशीच गाठ आहे. मी भाषेची शिक्षिका आहे, विज्ञानाची नाही, तरी निबंधाला 'आमच्या विहिरीचे थर' हा विषय देणं माझ्या हातात आहे. विहीर खणणाऱ्या एखाद्या चाचांना, एखाद्या आदिवासी दादांना मुलांनी विचारून लिहावं. मुरूम, मांजऱ्या, गेरू हे शब्द आपोआप वहीत येतील.

दुसरी, नगरपालिका, महापालिका आणि जिल्हा प्रशासनासाठी. या पट्ट्यातली एखादी बंद पडलेली खदान निवडा, जिथे दोन-तीन थर आणि मधला गेरू स्वच्छ दिसतो. ती भरणीला किंवा कचऱ्याला देऊ नका. कुंपण घाला, मराठी, उर्दू, हिंदी आणि सिंधीत एक फलक लावा, शाळांना नेता येईल अशी वाट करा. एका सभागृहाच्या रंगरंगोटीपेक्षा हे स्वस्त पडेल.

तिसरी, आपल्या तंजीमा आणि मोहल्ला कमिट्यांसाठी. दहावी-बारावीच्या गुणवंतांचे सत्कार आपण करतो, ट्रॉफी देतो, छानच आहे. त्यातल्या काही मुलांना भूशास्त्र नावाचा विषय असतो, मुंबई-पुण्यात तो शिकवतात, त्यातून पाण्याचं, खाणींचं, भूकंपाचं काम मिळतं, हे कुणी सांगत नाही. डॉक्टर, इंजिनिअर आणि गल्फ यांच्या पलीकडे आपली यादी जात नाही. मुलींच्या बाबतीत तर ती आणखी आखूड होते. डोंगरात फिरायचं काम मुलींचं नाही, असं म्हणणाऱ्यांना सांगा, वर ज्या २०१९ च्या निबंधाचा उल्लेख केला, त्याची पहिली लेखिका एक बाईच आहे, आणि तिने जे डोंगर अभ्यासले ते तुमच्याच घराच्या मागे आहेत.

ऑक्टोबर संपला की गवत वाळू लागतं आणि थर मोजता येतात. येत्या सुट्टीत एखाद्या रविवारी मुलांना घेऊन नेरळपर्यंत लोकलने जा. तिकीट फार नाही. खिडकीतून डोंगराच्या पायऱ्या मोजायला सांगा. प्रत्येक मुलाचा आकडा वेगळा येईल. मग त्यांना विचारा, तुझा आकडा कसा आला, तू कुठून मोजायला सुरुवात केलीस. वाद होऊ द्या. तो वाद ओरडून मिटवायचा नसतो, पुढच्या डोंगरापाशी पुन्हा मोजून मिटवायचा असतो.